घरघंटी, 132 पायऱ्या आणि उधाण

गणपतीच्या आधीचे आठ-दहा दिवस आमच्या शृंगारतळीच्या कुरिअर सेंटरला पाय ठेवायला जागा नसते. चाकरमानी स्वतः यायच्या आधी त्यांचं सामान येतं, गर्दीच्या ट्रेनमधून कोण ओढत आणणार म्हणून ऑनलाईन ऑर्डर करायची आणि गावचा पत्ता टाकायचा, झालं. मिक्सर, पंखे, गाद्या, एकाने तर पाण्याची टाकी मागवलेली, ती स्कॅन करायला बारकोड कुठे चिकटवलाय ते शोधण्यातच दहा मिनिटं गेली. 2025 ला गणपती 27 ऑगस्टला होते, मी सांगतोय ते 24 तारखेचं, रविवार. चिपळूणहून सकाळचा लोड आला आणि माझ्या रनशीटवर, म्हणजे दिवसाच्या डिलिव्हरीच्या यादीवर, दोन मोठे बॉक्स पडले, त्यातला एक होता मखराचा आणि दुसरा घरघंटीचा, म्हणजे घरगुती पिठाच्या गिरणीचा.

आता वजनाचं थोडं सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. कुरिअरवाले दोन वजनं बघतात, एक खरं आणि एक व्हॉल्युमेट्रिक. म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, आणि भागिले बहुतेक ठिकाणी 5000. जे जास्त येईल ते धरायचं, कारण गाडीत जागा तर अडतेच ना. त्या मखराचा बॉक्स 120 बाय 80 बाय 40 होता, हिशोबाने 77 किलोच्या आसपास. प्रत्यक्षात पुठ्ठ्याचं फोल्डिंग मखर, थर्माकोल 2018 ला बंद झाल्यापासून हीच जास्त येतात, मी एकट्याने डोक्यावर घेऊन शिट्टी मारत पोचवलं असतं. अडचण फक्त वाऱ्याची, गडग्यावरून वारा आला की माणसासकट पतंग होतो.

आणि घरघंटी? लेबलवर 18 किलो. मी आपला सवयीने वाकलो, दोन हात घातले न् उचलायला गेलो तर बॉक्स जागचा हलला नाही, माझ्या कमरेतून मात्र एक कळ गेली ती थेट गुडघ्यापर्यंत. काट्यावर चढवला तर 47 किलो 300 ग्रॅम. विकणाऱ्याने वजन कमी टाकलं की मधल्या कुठल्या हबला कोणी बघितलंच नाही, देव जाणे. आम्हाला जड पार्सलला थोडा जास्त रेट आहे, पण तो लेबलवरच्या वजनाला! टीमलीडरला काट्याचा फोटो पाठवला तर तो म्हणाला, तिकीट टाकतो, म्हणजे तक्रार नोंदवतो, तू आधी डिलिव्हरी कर.

माझे चुलते वाशी मार्केटला माथाडी होते. त्यांच्या तरुणपणी 100 किलोची गोणी पाठीवर असायची, नंतर लढून लढून ती 50 वर आणली, माथाडींचा तर 1969 पासून वेगळा कायदा आहे. मी मोबाईलवर बघितलं तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची 1967 ची शिफारस सापडली, एका पुरुषाने हाताने वाहायचं वजन 55 किलोच्या वर नको. म्हणजे 47 नियमात बसतं म्हणा. पण ते 47 सपाट जमिनीवरचे की शेवाळलेल्या पाखाडीच्या पायऱ्यांवरचे, ते काय मला त्यात दिसलं नाही.

घर होतं दाभोळ खाडीच्या काठच्या एका वाडीत. वाडीचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांचा काही दोष नाही. रस्ता वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, संपतो आणि तिथून खाली जांभ्याची पाखाडी. मखर देताना मी पायऱ्या मोजल्या, 132. काही उंचीला वीतभर, काही गुडघाभर, ऑगस्टचं शेवाळ, लोकांनी मधे मधे माडाच्या झावळ्या टाकलेल्या म्हणून पाय तरी ठरत होता. मखर दिलं, वर आलो, आणि मग मी न् माझा पार्टनर घरघंटीला भिडलो.

दोघांनी वजन उतरवताना खालच्या माणसावर जास्त भार येतो, हे ज्याने कपाट उतरवलंय त्याला सांगायला नको. खाली मी, कारण माझी उंची जास्त. पट्टा खांद्यावरून घेतला, बॉक्स छातीला लावला, म्हणजे मला पुढची पायरी दिसतच नाही, पार्टनर वरून सांगतोय "डावा टाक, आता उजवा, अरे उजवा!" पाऊस भुरभुर चालूच. विसाव्या-बाविसाव्या पायरीवर त्याचा पाय सटकला. पडला नाही, पण सगळं वजन माझ्यावर आलं आणि मी बॉक्स घेऊन चक्क पायरीवर बसलो. तसाच बसून राहिलो. हसावं की रडावं कळेना, पार्टनर मात्र हसत होता.

तेवढ्यात खालून एक काका वर आले, डोक्यावर इरलं नाही, प्लास्टिकची गोणी दुमडून घेतलेली. आमच्याकडे बघितलं, बॉक्सकडे बघितलं.

"ह्या वाटेन कशाला आणताव? आज उधाण आहे ना."

आदल्याच दिवशी अमावस्या झालेली. आमच्याकडे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मोठी भरती दुपारच्या सुमारास असते, आणि त्या वेळी खाडीचं पाणी थेट वाडीच्या मागच्या धक्क्याला लागतं. एरवी तिथे चिखल न् चिपीची झाडं. काकांची होडी शेजारच्या गावच्या जेटीवर होती, आणि तिथपर्यंत आमचा छोटा हत्ती टेम्पो जातो. माझ्या डोक्यात हे आलंच नसतं, अॅपमध्ये तर सोडाच, अॅपच्या मॅपवर ती वाडी खाडीच्या पाण्यात दाखवतात.

फक्त बॉक्स परत बावीस पायऱ्या वर न्यायचा होता. त्याबद्दल काही लिहीत नाही.

जेटीवर काकांनी आधी दोन फळ्या आडव्या टाकल्या, त्यावर ताडपत्री, आणि बॉक्स उभा नाही तर आडवा ठेवायला लावला. मी म्हटलं "काका, वर बाण आहे, धिस साईड अप लिहिलंय." ते म्हणाले, "होडी उलटली तर बाण खालीच जाणार." आडवा ठेवला. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास, वारा बऱ्यापैकी, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या पार्सलला मिठी मारून बसलो. मला पोहता येतं, घरघंटीला येत नाही, आणि बुडाली तर पैसे कोणाच्या पगारातून कापणार ते माहीत होतं.

धक्क्यावर घरघंटीवाल्या घरच्या काकी उभ्याच होत्या, वाडीतली दोन पोरं पण आली, चौघांनी मिळून तीन मिनिटांत ओटीवर. मग ओटीपी. ओटीपी गेला काकींच्या डोंबिवलीच्या लेकीच्या नंबरवर, ऑर्डर तिने केलेली, आणि ती त्याच दिवशी ट्रेनने गावाला येत होती. फोन लावला तर नॉट रिचेबल. काकी एकदम शांत, "नातूवाडीच्या बोगद्यात असेल, थांबा जरा." आणि वाडीत रेंज कुठे, तर विहिरीपाशी, तेही हात वर केला तर. मी न् पार्टनर आळीपाळीने विहिरीवर हात वर करून उभे, गावदेवाला नवस बोलतोय असंच वाटलं असेल बघणाऱ्याला. अर्ध्या तासाने चार आकडे मिळाले.

तोवर चहा झाला. काकी सांगत होत्या, तांदूळ धुवून वाळवून गिरणीत न्यायचा तर पाखाडी चढायची, पुढे चालत दोन किलोमीटर, आणि मोदकाची पिठी गव्हाच्या दळणानंतर दळली की काळपट येते. म्हणून लेकीने घरघंटी घेतली. यंदा उकडीला आपली पिठी. हे ऐकल्यावर माझा निम्मा राग गेला, निम्मा टीमलीडरसाठी ठेवला.

होडीचे पैसे काकांनी घेतले नाहीत. भरती ओसरायला लागली होती आणि त्यांना लगेच निघायचं होतं, आमची गाडी मात्र पार्टनरच्या भावाने परत सड्यावर आणून लावलेली, त्यामुळे आम्ही 132 पायऱ्या चढून वर. काकींनी दोन नारळ न् एक पडवळ दिलं, ते पण घेऊन.

दुसऱ्या दिवशी रनशीट उघडलं तर परत तोच पत्ता. घरघंटीच्या जाळ्या वेगळ्या पाकिटातून आलेल्या, त्यांच्याशिवाय दळण होत नाही. गेलो, उतरलो, दिल्या. पाकीट जेमतेम 400 ग्रॅमचं, लेबलवर 2 किलो.