चाकणची नोकरी आणि डिकीतला सिलिंडर

कोथरूड ते चाकण, जाऊन-येऊन 80 किलोमीटर. नाशिक फाटा सोडला की गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रांगते, त्यामुळं माझी जुनी पेट्रोल गाडी लिटरला 13च्या वर जायची नाही. पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून रोजचे सहाशे रुपये तर नुसते टाकीत ओतत होतो. कंपनीची बस आहे, पण ती शिफ्टवाल्यांच्या वेळेची. माझी सुटायची वेळ ठरलेली नाही. कंटेनरच्या मधून दुचाकी काढायची छाती नाही. राहता राहिला सीएनजी.

गाडीला सीएनजीचं किट बसवून देणाऱ्याचा पहिलाच प्रश्न, "आरसीवर चढवायचं, की नुसतं बसवून देऊ?" नुसतं बसवलं तर चार पैसे वाचतात, पण उद्या गाडीला काही झालं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. म्हटलं, रीतसर करू. किटला आपल्या मॉडेलसाठी मंजुरी लागते. माझ्या किटला ती आमच्याच वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची होती. सिलिंडरला मान्यता लागते ती पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेची, तिचं मुख्यालय नागपुरात. शिवाय बसवणाऱ्या केंद्राचा दाखला, आणि कर्ज चालू असेल तर बँकेची एनओसी. हे सगळं घेऊन आरटीओत गाडी दाखवायची. इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल/सीएनजी’ आलं की विमा कंपनीला कळवायचं. हप्ता थोडासाच वाढतो. फाईल पुढं सरकायला लागला तो वेळ सोडला, तर यात अवघड असं काही नव्हतं.

खर्च साठ हजारांच्या घरात गेला. किलोला वीसेक किलोमीटर मिळतात, म्हणजे रोज अडीचशेच्या आसपास सुटतात. वर्षभरात किट फिटतं. 2022च्या एप्रिलपासून राज्यानं सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून 3 टक्क्यांवर आणला, तेव्हा वाटलं होतं आता स्वस्ताई आली. पुढं दर पुन्हा चढले.

पण हिशेबात रांग धरली नव्हती. ती कुणीच धरत नाही! संध्याकाळी घरी येताना पंपावर रिक्षांची रांग पार रस्त्यावर आलेली. तास मोडून नंबर लागला, सगळ्यांना खाली उतरवलं (गॅस भरताना गाडीत कुणी बसायचं नाही), नोझल लावलं, आणि दाबाचा काटा दीडशे बारच्या आसपास थांबला. पोरगा म्हणाला, "साहेब, प्रेशर नाही. एवढंच घेईल." सिलिंडर भरतो 200 बारला. ज्या पंपाला पाइपलाइन नाही तिथं गॅस ट्रकनं येतो; ट्रक अडकला की प्रेशर पडतं. त्यात रस्त्यावर तापलेल्या सिलिंडरमध्ये गॅस मुळातच कमी मावतो.

मग पंप बदलला. आता पाइपलाइनच्याच पंपावर जातो, आणि तेही पहाटे साडेपाचला. रिक्षा तेव्हाही असतात, पण रांग सरकती असते. त्याच वाटेवरचे दोन सहकारी आता आळीपाळीनं माझ्या गाडीत आणि मी त्यांच्या. त्यामुळं भरायची पाळीच कमी येते. खरं तर किटपेक्षा यानंच जास्त वाचतं, पण त्यासाठी तिघांची सुटायची वेळ जुळावी लागते आणि आमची आठवड्यातून दोनदा हमखास फिसकटते.

बाकी तोटे आहेतच. डिकी गेली. दिवाळीला गावी निघताना बायकोनं विचारलं, "फराळाचे डबे काय मांडीवर घेऊ?" आणि खरंच घेतले. खंबाटकीच्या घाटात गाडी दम खाते. तिथं एसी बंद करतो किंवा बटण दाबून पेट्रोलवर घेतो. टाकीत पेट्रोल लागतंच, कारण गाडी सुरू पेट्रोलवरच होते.

जुनी गाडी घेताना किट आयतं मिळत असेल, तर सिलिंडरच्या पट्टीवरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबानं सिलिंडर तपासण्याची) तारीख बघून घ्या. ती दर 3 वर्षांनी करावी लागते. सिलिंडर काढून न्यावा लागतो आणि तेवढे दिवस गाडी पेट्रोलवरच पळवायची. माझी टेस्ट या मार्चमध्ये आहे.