दोन-तीन फुटांच्या टाकीसाठी सिक्लिड निवडताना

बैठकीच्या खोलीत मावेल एवढ्या, म्हणजे दोन ते तीन फूट लांबीच्या टाकीत सिक्लिड ठेवता येतात का, असे विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात आधीच एक मासा ठरलेला असतो, आणि तो नेमका त्या टाकीत न मावणारा असतो. सिक्लिड हे एखाद्या माशाचे नाव नव्हे, तर सोळाशेहून अधिक जातींचे एक मोठे कुळ आहे. भिगवणला ताटात येणारी उजनीची चिलापी, म्हणजे मूळची आफ्रिकेतली आणि भारतात प्रथम १९५२ साली आणली गेलेली तिलापिया, याच कुळातली. बहुतेकांनी लहानपणी पाहिलेला एंजल मासाही याच कुळातला. या कुळात अडीच सेंटिमीटरला थबकणारे मासे आहेत, तसेच हातभर वाढणारेही आहेत. त्यामुळे ‘सिक्लिड चालेल का’ या प्रश्नाला अर्थ नाही. कोणता सिक्लिड, किती जागेत आणि कोणत्या पाण्यात, एवढे विचारले तरच उत्तर देता येते.

जागेचा हिशेब आपण सहसा लिटरमध्ये करतो, पण सिक्लिडांच्या बाबतीत तो पुरेसा नाही. हे मासे तळाचा तुकडा ताब्यात घेऊन राखतात. त्यांना पाण्याच्या उंचीपेक्षा तळाच्या क्षेत्रफळाची किंमत अधिक असते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे ८५ लिटर पाणी मावते, आणि तीन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीतही तेवढेच मावते. मात्र पहिलीचा तळ दोन चौरस फुटांचा आणि दुसरीचा तीन चौरस फुटांचा असतो. हा एक चौरस फूट म्हणजे मार खाणाऱ्या माशाला दृष्टीआड होण्याची जागा. दुकानात उंच टाकी अधिक देखणी दिसते हे मान्य आहे, पण काच कापून टाकी बनवून घ्यायचीच असेल, तर उंचीचे पैसे लांबी-रुंदीत घालावेत असे माझे ठाम मत आहे.

आता नकारांची यादी लवकर संपवतो. ऑस्कर दुकानात दोन इंचांचा दिसतो आणि मालकाच्या बोटामागे पाळीव कुत्र्यासारखा फिरतो, त्यामुळे मोह होणे स्वाभाविक आहे. पण तो फूटभर वाढतो आणि त्याच्या विष्ठेचा भार लहान टाकीचा फिल्टर पेलू शकत नाही. फ्लॉवरहॉर्न हा माणसाने तयार केलेला संकर आहे. तो वास्तू आणि भरभराटीच्या नावाखाली खपवला जातो, आणि तीन फुटांच्या टाकीत त्याला जन्मभर एकांतवास भोगावा लागतो. ज्या प्राण्याला वळायलाही जागा नाही, त्याने घरात भरभराट कशी आणायची हे मला समजलेले नाही. एंजलचे पंख धरून उंची वीस सेंटिमीटरच्या पुढे जाते, म्हणून त्याला उंच आणि निदान तीन फूट लांब टाकी हवी. ‘आफ्रिकन सिक्लिड’ म्हणून एकाच टाकीतून निवडून दिले जाणारे पिवळे-निळे मासे बहुधा मलावी सरोवरातले असतात. त्यांतला पिवळा लॅबिडोक्रोमिस त्यातल्या त्यात सभ्य, पण ऑराटससारखा मासा मोठा झाल्यावर दोन फुटांत दुसऱ्या कोणाला जगू देत नाही. मलावीचे मासे चार फुटांची टाकी असल्याखेरीज घेऊ नयेत.

खरी निवड सुरू होते ती घरच्या नळापासून, आणि पुण्यात या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे मिळतात. खडकवासला साखळीतल्या धरणांचे पाणी मुख्यतः सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे असल्यामुळे तुलनेने मृदू, म्हणजे कमी क्षारांचे, असते. त्यात क्लोरीन असतो, म्हणून ते दिवसभर उघडे ठेवून किंवा क्लोरीन घालवणारे द्रावण टाकूनच वापरावे, आणि पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास अधिक येऊ लागला की ही काळजी दुप्पट घ्यावी. याउलट धायरी, उंड्री, वाघोली अशा भागांतल्या अनेक सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, आणि बेसाल्टच्या भेगांतून आलेले हे पाणी बहुधा जड असते. त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही: गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढत असेल, साबणाला फेस येत नसेल आणि तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेऊनही बोटचेपी राहत असेल, तर पाणी जड आहे हे स्वयंपाकघराने आधीच सांगितलेले असते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा तंत्रज्ञ टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचे एकूण प्रमाण, मोजून देतो, आणि अनेक जण तोच आकडा जडपणाचा समजतात. सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला असेल, तर तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम देतो. जडपणा जातो, टीडीएस मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून जडपणा आणि पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते) मोजण्याचे थेंबांचे साधे किट एकदा घ्यावे. ते माशांच्या मानाने महाग वाटते, पण पुढची सगळी निवड त्यावर अवलंबून आहे.

महापालिकेचे मृदू ते मध्यम पाणी आणि दोन फुटांपासूनची टाकी असेल, तर माझी पहिली पसंती क्रिबेन्सिसला आहे. नायजेरिया आणि आसपासच्या प्रदेशातला हा मासा. नर दहा सेंटिमीटरच्या आसपास आणि मादी त्याहून लहान व गोलसर. पीएच थोडा वरखाली झाला तरी तो तग धरतो, मात्र त्यानुसार पिल्लांतील नर-माद्यांचे प्रमाण बदलते. नारळाच्या करवंटीला कडेने लहानशी खाच पाडून ती उकळून वाळूत उपडी ठेवली, की जोडी त्यात घर करते. मादीचे पोट जांभळट लाल होते, आणि ती नरासमोर शरीराची कमान करून, ते पोट त्याच्याकडे वळवून थरथरत राहते. सिक्लिडांत प्रियाराधनाचा पुढाकार मादीने घेतलेला इतका उघडपणे क्वचितच पाहायला मिळतो. पिल्ले बाहेर पडल्यावर मात्र हेच जोडपे टाकीतल्या इतर सर्वांना एका कोपऱ्यात कोंबते, म्हणून दोन फुटांत जोडीखेरीज कोणी ठेवू नये आणि तीन फुटांत वरच्या थरात फिरणारे चपळ, लहान मासेच ठेवावेत.

राम सिक्लिडबद्दल लोक अधिक उत्साहाने विचारतात. निळ्या ठिपक्यांचा हा मासा व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्याच्या उष्ण गवताळ प्रदेशातला आहे आणि त्याला २७ ते ३० अंश सेल्सिअसचे, मृदू आणि किंचित आम्लधर्मी पाणी लागते. पुण्याचा उन्हाळा त्याला मानवतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो आणि तेव्हा भरवशाचा हीटर नसेल तर राम आजारी पडतो. त्यात फुगवलेल्या पोटाचे बलून आणि संपूर्ण निळे असे जे प्रकार विकले जातात, ते आणखी नाजूक असतात. त्याचा बोलिव्हियन भाऊबंद रंगाने साधा, पण २२ ते २६ अंशांत सुखी आणि बराच कणखर आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हाच घ्यावा. मिळायला थोडा शोध घ्यावा लागतो. ॲपिस्टोग्रामा कॅकाट्युऑइडिस हा तिसरा उमेदवार. त्याची मादी अंडी घातल्यावर पिवळीधमक होते आणि आपल्या दुप्पट आकाराच्या नराला पळवून लावते, त्यामुळे लपायला दोन-तीन वेगळ्या जागा हव्यातच.

बोअरवाल्यांनी मात्र या माशांसाठी पाणी मृदू करण्याच्या नादी लागू नये. त्यांच्या नळाला जे आयते येते, त्यासाठी बाकीचे लोक क्षार विकत घेतात. टांगानिका सरोवराचे पाणी जड आणि अल्कधर्मी आहे, आणि तिथला निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस हा जगातल्या सर्वांत लहान सिक्लिडांपैकी एक. नर जेमतेम पाच सेंटिमीटरचा. तो गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत राहतो आणि दोन फुटांच्या टाकीत त्याची आख्खी वसाहत नांदते. तलावांत आणि भातखाचरांत सापडणारे गोड्या पाण्यातील मोठ्या गोगलगायींचे शंख स्वच्छ करून, उकळून दिले तर तो ते स्वीकारतो. टाकीसमोर बसले की दिसते ते असे: मासा तोंडभर वाळू उचलतो, शेजाऱ्याच्या हद्दीकडे दोन वीत पोहत जातो, तिथे ती थुंकतो आणि परत येतो, थोड्या वेळाने शेजारी तीच वाळू परत आणून टाकतो. नर-मादी ओळखणे अवघड असल्यामुळे पाच-सहा लहान मासे एकत्र घ्यावेत आणि शंख माशांच्या संख्येपेक्षा जास्त ठेवावेत.

तीन फुटांची टाकी आणि मध्यम ते जड पाणी असेल, तर मी एका उपेक्षित माशाचे नाव पुढे करीन. भारताचे स्वतःचे सिक्लिड तीनच. त्यांतला मोठा कोकणात कालुंदर आणि केरळात करीमीन म्हणून खाल्ला जातो, आणि २०१० साली केरळने त्याला राज्यमासा केले. तो घरच्या टाकीचा नव्हे. नारिंगी क्रोमाइड मात्र आठ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो. दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावरच्या खाड्यांतले मचूळ पाणी हे त्याचे घर, पण क्षार असलेल्या गोड्या पाण्यातही तो चांगला राहतो. याची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात. पिवळ्या अंगावर पिल्लांचा थवा येऊन चोच मारल्यासारखे टिपतो आणि लगेच दूर होतो. लोकांना डिस्कस माशातली हीच गोष्ट ऐकून माहीत असते, आणि त्यासाठी ते हजारो रुपये मोजतात.

वाळूविषयी एक व्यावहारिक सूचना. यांतले बरेच मासे वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळतात. हल्ली पुण्यातल्या बांधकामांवर मिळते ती दगड दळून केलेली क्रश सँड असते. तिच्या धारदार कडा त्यांच्या तोंडाला इजा करतात. नदीची गोलसर, बारीक वाळू धुऊन वापरावी. तसेच टाकी भरल्यावर फिल्टरमध्ये जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर माशांच्या विष्ठेतून होणारे अमोनिया आणि नायट्राइट हे विषारी पदार्थ चढे असतात आणि राम, ॲपिस्टो यांच्यासारखे मासे ते सोसत नाहीत. त्यानंतर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणे पुरते.

दुकानात मासा आपल्यासमोर खातो आहे का ते पाहावे, आणि पोट खपाटीला गेलेला किंवा पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारा मासा कितीही रंगीत असला तरी घेऊ नये. जोडी म्हणून दिलेले दोन मासे जोडी असतीलच असे नाही. राममध्ये मादीच्या पोटावर गुलाबी छटा आणि क्रिबेन्सिसमध्ये तिची गोलाई पाहून खात्री करावी.

जोडी जमली की पिल्ले होणारच, आणि ती कुठे द्यायची हे आधी ठरवलेले बरे. मुठेत, पाषाणच्या किंवा कात्रजच्या तलावात सोडणे हा पर्याय नाही. चिलापीने नद्यांतल्या देशी माशांची जागा कशी बळकावली ते आपल्यासमोर आहे. क्रिबेन्सिसची जोडी पहिली पिल्ले इंचभर होण्याआधीच दुसऱ्या तयारीला लागते. म्हणून मासे घेतानाच दुकानदाराशी बोलून ठेवावे. इंचभर वाढलेल्या, नीट खाणाऱ्या पिल्लांच्या बदल्यात तो पैसे बहुधा देत नाही, खाद्याचा डबा देतो, आणि तेवढ्यावर सौदा करायला हरकत नाही.