गुडघा आणि सायकल : सोळावा आठवडा

या आठवड्यात चार फेऱ्या, एकूण ७४ किलोमीटर. उजवा गुडघा रविवारी सकाळी दहापैकी एक दुखला, नंतरचे तीन दिवस शून्य. वहीत सलग तीन शून्यं पहिल्यांदाच पडली, म्हणून आज जरा ऐसपैस लिहिते.

नव्याने आलेल्यांसाठी: वय ५६, दोन्ही गुडघ्यांत झीज, उजवा जास्त बिघडलेला. अकरा वर्षं रोज पर्वती. १०३ पायऱ्या, तीन फेऱ्या, आणि त्याचा भारी अभिमान. चढायचं कधी काही वाटलं नाही, उतरण्यानं घात केला. पायरी उतरताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त भार येतो, असं फिजिओताईंनी सांगितलं. मी मनात गुणाकार केला आणि गप्प बसले. सायकलवर निम्मंअधिक वजन सीट आणि हँडल पेलतं, म्हणून इकडे वळले.

पण पहिले पाच आठवडे वाटीखाली चांगलंच दुखायचं. सायकल आपल्याला मानवत नाही, असंच धरून चालले होते. खोट निघाली सीटमध्ये. सिग्नलला दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत, या हट्टापायी शाळेपासून माझी सीट खालीच. सीट खाली असली की पॅडल वर येताना गुडघा फार दुमडतो, आणि तशा दुमडलेल्या गुडघ्याने जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. मग एका दुपारी भिंतीला पाठ लावून, हिशेबाची जाड वही दोन्ही मांड्यांमध्ये वरपर्यंत घट्ट धरून उभी राहिले आणि मुलाकडून टेप लावून घेतली. जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत ७४ सेंटीमीटर. त्याला ०.८८३ ने गुणलं की ६५.३. क्रँकच्या, म्हणजे पॅडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण एवढं अंतर हवं. माझं होतं ६१!

एकदम चार सेंटीमीटर वर नेली नाही. सीट फार उंच झाली तर दुखणं गुडघ्याच्या मागच्या बाजूला जातं. पुढून दुखलं तर सीट फार खाली असेल, मागून दुखलं तर फार वर असेल, असा शोध तिथून सुरू करायचा. आठवड्याला अर्धा सेंटीमीटर करत ६४.५ ला थांबले. आता टाच पॅडलवर ठेवली की तळाशी पाय जवळजवळ सरळ होतो, आणि चालवताना कंबर इकडेतिकडे डुलत नाही.

मग नवीच पंचाईत, थांबायचं कसं? ब्रेक दाबत सीटवरून पुढे उतरायचं, डावा पाय टेकवायचा, उजवा पॅडलवर तसाच. ऐकायला सोपं आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन संध्याकाळी गिरवलं. पहिल्या दिवशी वॉचमनकाका धावत आले आणि हँडल धरून म्हणाले, "काकू, पडाल!"

दुसरी चूक गिअरची. जड गिअर म्हणजे खरा व्यायाम, ही समजूत. माझ्या सायकलला पुढे ४२-३४-२४ दातांची चक्रं, मागे १४ ते २८. मी ४२ आणि १४ वर चालवायची. पॅडलच्या एका फेऱ्यात साडेसहा मीटर, म्हणजे मिनिटाला ५० फेरे मारले की ताशी साडेएकोणीस. आता ३४ आणि १८. एका फेऱ्यात ४.१ मीटर, मिनिटाला ८० फेरे, वेग जवळपास तोच. मात्र प्रत्येक फेऱ्याला गुडघ्याने लावायचा जोर तिसऱ्या हिश्श्याने कमी. पाय उगाच भिरभिरतायत असं पहिले दोन आठवडे वाटत राहिलं. मोबाइलवर मिनिट लावून उजव्या पायाचे फेरे मोजले तेव्हा कुठे लय सापडली.

नवव्या आठवड्याचं पान मात्र काळं आहे. एका तरुण गटामागे चांदणी चौकाचा चढ जड गिअरवर, उभं राहून काढला. वर पोचले, फोटो काढला. संध्याकाळी गुडघा सुजून चार दिवस घरात, त्यातच लिफ्ट बंद. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे तेव्हा पाठ झालं. तेव्हापासून नियम असा: चालवताना तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वपदावर यायला हवं. नाही आलं तर पुढची फेरी निम्मी.

सायकल नसते त्या दिवशी मांडीचं काम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाच सेकंद दाबायचं, दहा वेळा, तीनदा. मग पाय सरळ ठेवून उचलायचा, आता एक किलोची पट्टी बांधून. कंटाळवाणं आहे, पण खुर्चीतून हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजते: जूनमध्ये ८, परवा १२. हा आकडा मला किलोमीटरपेक्षा जास्त आवडतो.

काय जमत नाही तेही सांगते. उकिडवं बसता येत नाही. मांडी घातली तर दहा मिनिटं. गणपतीत अथर्वशीर्षाला खुर्ची घेतली, तर जाऊबाई म्हणाल्या, "सायकल चालते आणि पाट चालत नाही होय?" आता पॅडल मारताना गुडघा मांडीइतका दुमडत नाही, हे आरतीच्या वेळी कुठे समजावत बसू!

येत्या रविवारी खडकवासला, जाऊनयेऊन तीसेक किलोमीटर, पहाटे पावणेसहाला. चढाला सरळ २४ चं चक्र टाकणार, मागून कोणीही पुढे जावो. धरणापाशी कणीस खायला थांबेन, पण कट्ट्यावर बसून.