पाटी क्रमांक दोन: सागवान की ॲल्युमिनियम

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की सागवानी पाटी, म्हणजे तारांवर बोटं ठोकून वाजवायचं माझं घरी केलेलं वाद्य, 'झाली'. ते शब्द मागे घेतो. मार्चमध्ये झाली होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घरात कूलर लागला आणि ती पुन्हा 'होऊ' लागली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियातल्या एमेट चॅपमन यांना २६ ऑगस्ट १९६९ रोजी दोन्ही हातांनी तारांवर बोटं ठोकून वाजवायची पद्धत सापडली. दोन्ही हात पाटीला काटकोनात, एक या बाजूने, एक त्या बाजूने. त्यासाठी त्यांनी वेगळं वाद्यच घडवलं, १९७४ पासून ते विकायला लागलं, तेच चॅपमन स्टिक. बेसवादक टोनी लेविनच्या हातात पाहून आपल्यातले बहुतेक जण याच्या नादाला लागले, मीही त्यातलाच. सुरुवातीच्या स्टिक आयर्नवूड लाकडाच्या, मधल्या काळात पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या, नंतर वेगवेगळ्या कठीण लाकडांच्या. आणि मग आली रेलबोर्ड: ॲल्युमिनियमच्या एकाच तुकड्यातून कोरलेली, पडदे म्हणजे फ्रेटसुद्धा त्याच धातूतून उभे राहिलेले. खरी रेलबोर्ड मी आयुष्यात एकदाच हातात घेतली आहे, बंगळुरूला, वीस मिनिटं. विकत घेणं माझ्या ऐपतीत नाही. म्हणून ही घरची पाटी. आठ तारा, ३० इंच (७६२ मिलिमीटर) स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. चार तारा सुरावटीच्या, षड्ज-मध्यम अंतराने. चार बेसच्या, षड्ज-पंचम अंतराने. सगळ्यात जाड तार मधोमध. शेजारच्या काकू तिला इस्त्रीचा बोर्ड म्हणतात.

पहिली पाटी सागवानाची का, याला कारण लागत नाही. नागपुरात राहून सागवान सोडून दुसरं काय घेणार? लकडगंजाच्या लाकूड बाजारात हिंडलो, पण लाकूड शेवटी मिळालं महाल भागातल्या पाडलेल्या एका वाड्याच्या चौकटीतून. इतकं जुनं, मुरलेलं लाकूड आता काय हलणार, असं मला वाटलं. मिस्त्री मात्र रंधा मारता मारता म्हणाले होते, "भाऊ, लाकूड जुनं होते, मरत नाही." तेव्हा मी हसलो होतो.

झालं असं. पाटीची पुढची बाजू मी फक्त तेल लावून ठेवली, बोटांना उघडं लाकूड बरं वाटतं म्हणून. मागची बाजू पॉलिश केली. पाटी टांगली बैठकीत, कूलरच्या समोरच्या भिंतीवर. दुपारी एकला बाहेर ४४ अंश, कूलर बंद असेल तर खोलीतली आर्द्रता १८-२० टक्के. कूलर लावला की तासाभरात ६५. रात्री पुन्हा बंद. म्हणजे उघडी बाजू रोज पाणी पिते आणि रोज वाळते, पॉलिशची बाजू ढिम्म. पुढची बाजू फुगली की पाटी मागे वाकते आणि पहिल्या पाच पडद्यांवर तारा टेकून खरखरतात. वाळली की उलट, बाराव्या पडद्यावर तार उंच जाते. मी संध्याकाळी १.२ मिलिमीटर लावलेली तारेची उंची दुसऱ्या दिवशी सकाळी १.९ मोजली आहे. फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी मोजली, अंदाजाने नव्हे. पाटीत दोन्हीकडे वळणारा ट्रस रॉड, म्हणजे पाटीचा बाक सरळ करणारी सळई आहे, त्यामुळे ॲलन की घेऊन दुरुस्त करता येतं. पण मे महिन्यात मी वाजवलं कमी आणि चावी जास्त फिरवली.

गिटारवाले म्हणतील, पाऊण मिलिमीटरने काय एवढं बिघडतं? गिटारमध्ये फारसं नाही बिघडत. तिथे एक हात दाबतो, दुसरा छेडतो. इथे छेडणारा हात नाहीच. बोट पडद्यावर आपटतं, तोच आघात आणि तोच दाब. तार जेवढी खाली, तेवढ्या हलक्या टिचकीने स्वर निघतो. तार वर गेली की प्रत्येक स्वराला ठोसा मारावा लागतो, करंगळीचा स्वर तर निघतच नाही. आणि फार खाली गेली की सगळं खरखरतं. या दोन्हींमधली जागा फार अरुंद आहे आणि माझी पाटी रोज ती ओलांडून जा-ये करत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे पडद्यांची टोकं. रुंदी ८० मिलिमीटर. सुकल्यावर लाकूड आडवं आक्रसतं, पडदे आक्रसत नाहीत. दोन्ही कडांना पाव-पाव मिलिमीटर बाहेर आले. हात वरखाली सरकवला की किसणीवर फिरवल्यासारखं वाटतं. सागवान इतर लाकडांच्या मानाने कमीच फुगतं-आक्रसतं, म्हणून हे एवढ्यावर निभावलं.

तर दुसरी पाटी ॲल्युमिनियमची. ६०६१ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची २० मिलिमीटर जाडीची पट्टी घेतली आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथले दादा फाउंड्रीसाठी सुटे भाग करतात. माझं ड्रॉइंग पाहून विचारलं, "हे काय बनवून राहिले?" मी सांगितलं, वाद्य. त्यांनी शांतपणे चहा मागवला.

त्या एका दुपारी मी जे शिकलो ते यूट्यूबवर कुठे दिसलं नव्हतं. कच्ची पट्टी चार किलोच्या वर भरली, सागवानी पाटी तारा-खुंट्यांशिवाय दीड किलोच्या आत होती. वजन उतरवायला मागून खिसे कोरणं आलंच. मी म्हटलं, आधी पुढची बाजू तयार करू, मग मागे कोरू. दादा म्हणाले, एका बाजूने माल काढला की पट्टी आतला ताण सोडते आणि केळीसारखी वाकते. आधी मागे कोरू, दोन दिवस पडू देऊ, मग पुढून हलका हात मारू. कोरल्यावर सरळपट्टी ठेवून पाहिली तर खरंच मध्ये ०.४ मिलिमीटर फट. माझ्या क्रमाने गेलो असतो तर पडद्यांच्या खाचांसकट वाकली असती.

दुसरी अडचण यंत्राची. व्हीएमसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरणयंत्राचा टेबल ८०० मिलिमीटर सरकतो, माझी पट्टी ९६० ची. म्हणजे एकदा बांधून अर्ध्या खाचा, मग सरकवून उरलेल्या. पडद्यांचा हिशेब तुम्हाला माहीत आहे: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागत जायचं, त्यामुळे ७६२ मिलिमीटरला पहिला पडदा ४२.७७ वर आणि बारावा बरोबर ३८१ वर. सरकवताना शून्य चुकलं तर पुढचे सगळे पडदे एकाच दिशेने चुकतात. दादांनी पट्टीच्या टोकाला जागा पक्की धरणाऱ्या दोन डॉवेल पिनांची भोकं करून तो प्रश्न मिटवला. रेलबोर्डसारखे अंगचे पडदे कोरायचा मोह मी सोडला. यंत्राचे तास परवडले नसते. ०.६ मिलिमीटरच्या खाचा आणि नेहमीची फ्रेट वायर. लाकडात वायरचे दात चावून बसतात, ॲल्युमिनियममध्ये ते नुसते सरकतात, त्यामुळे प्रत्येक पडदा एपॉक्सीने चिकटवला. एका रात्रीत चोवीस पडदे आणि भयंकर डोकेदुखी.

खिसे कोरून झाल्यावर वजन २.९ किलो. पट्ट्याने गळ्यात अडकवून तासभर उभं राहिलं की खांदा बोलतो. ही तक्रार राहणार.

आता सुराचं. मला वाटायचं धातूची पाटी म्हणजे सुराची चिंता मिटली. तसं नाही. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळपास दुप्पट लांबतं. वीस अंश फरक पडला तर ७६२ मिलिमीटरच्या अंतराला पाटी ०.३५ मिलिमीटर वाढते, तार आपणहून वाढली असती ०.१८. उरलेलं ताणात जातं आणि तारा चढतात. लाकडाचं नेमकं उलट: लांबीच्या दिशेने लाकूड तारेपेक्षा कमी वाढतं, म्हणून तापल्यावर तारा उतरतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, दोन्ही पाट्या गच्चीवरच्या खोलीत अर्धा तास ठेवून ट्यूनर लावला. सागवान खाली, ॲल्युमिनियम वर. घरात दोघांनाच याचा आनंद झाला, मला आणि भाच्याला. भाच्याला बहुधा गच्चीवर जायला मिळालं म्हणून.

पण फरक इथेच आहे. ॲल्युमिनियमची पाटी चढते-उतरते ती सगळी एकत्र, आणि खोलीत आणून पंधरा-वीस मिनिटं ठेवली की परत जागेवर येते. सूर हलला तर खुंटी आहे. उंची हलली तर ॲलन की, फिलर गेज आणि अख्खी संध्याकाळ. जुलैत पाऊस लागला, आर्द्रता ८५ वर गेली, सागवानी पाटी पुन्हा खरखरायला लागली. धातूच्या पाटीची उंची मी जून अखेरीस १.१ वर लावली होती, काल मोजली, १.१ च.

आवाजाबद्दल आपल्यात सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून मी एक खेळ केला. दोन्ही पाट्यांना एकाच कंपनीच्या तारा, पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग) एकच, काढून याच्यातून त्याच्यात बसवला, तोच अँप, वाजवायचा तुकडाही तोच. बहिणीला पाठमोरं बसवलं आणि आधी कोणती कोणती ते ऐकवून ठेवलं. बारा वेळा वाजवलं, सात वेळा तिने बरोबर ओळखलं. नाणं उडवून सहा आले असते. मला स्वतःला ॲल्युमिनियमचा आघात जास्त टोकदार लागतो आणि स्वर जास्त टिकतो असं वाटतं, पण मी पाठमोरा बसलेलो नव्हतो. एक फरक मात्र नक्की: धातूच्या पाटीवर मोकळ्या तारा जास्त गुणगुणतात. नटजवळ, म्हणजे तारा जिथून सुरू होतात तिथे, त्या दबवायला फेल्टची एक पट्टी पुरत नाही, मी दोन लावल्या आहेत.

पिकअपच्या खाचेबद्दल एक सूचना. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. पिकअपला अगदी खेटून धातू असला की त्यात प्रवाह फिरतात आणि आवाजाची वरची धार बोथट होते. मी खाच चारी बाजूंनी सहा मिलिमीटर ऐसपैस ठेवली.

आणि अर्थिंग. हे मात्र गंमत म्हणून वाचू नका. धातूची पाटी म्हणजे तुम्ही अख्खे अँपच्या अर्थला जोडलेले. आमच्या घरातलं वायरिंग वडिलांच्या काळातलं. बैठकीतल्या तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक निव्वळ शोभेचं निघालं. पहिल्या संध्याकाळी हाताला झिणझिण्या आल्या, टेस्टर लावला तर मंद पेटला. वाजवणं तिथेच थांबवलं. वायरमन बोलावून अर्थिंग ओढून घेतलं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच बसवला, मगच पुन्हा हात लावला. आईने या खर्चाला काहीच हरकत घेतली नाही, हे विशेष. ती म्हणाली, तुझ्या त्या पाटीमुळे फ्रिजचं तरी भलं झालं.

तर निवड झाली आहे: रोजच्या सरावाला ॲल्युमिनियम. सागवानी पाटी टाकून देणार नाही. पुढच्या बाजूलाही पॉलिश करून, कूलरपासून दूर आतल्या खोलीत ठेवून हिवाळ्यात पुन्हा बघेन. डिसेंबरच्या सकाळी दहा अंशांत धातूला हात लावायची हिंमत होणार नाही, तेव्हा तीच लागेल. हैदराबाद किंवा पुण्यात बसून कुणी विचारलं तर मी कदाचित लाकूडच सुचवेन. हा निकाल नागपूरचा आणि कूलरचा आहे.

सध्या पाटी उघड्या धातूचीच आहे, त्यामुळे तासभर वाजवलं की बोटं काळी होतात. ॲनोडायझिंगला, म्हणजे धातूवर कठीण ऑक्साइडचा थर चढवायला, द्यायची ठरली होती, पण एकतर सगळे पडदे झाकून द्यावे लागणार, आणि दुसरं म्हणजे ॲनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही. ब्रिजखाली, म्हणजे तारांच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराखाली, जिथे अर्थची तार येते तेवढी जागा घासून उघडी ठेवावी लागेल, नाहीतर वर लिहिलेला सगळा खटाटोप वाया. ते काम करणारे म्हणाले, पोळा आणि तान्हा पोळा होऊन जाऊ द्या, पोरं मारबतीची मिरवणूक पाहायला जातात, मग आणा. तोवर सातव्या पडद्यावर तिसरी तार किंचित खरखरते आहे, ती बघतो. एपॉक्सी तिथे नीट बसली नसावी असा संशय आहे.