मापाचं भांडं आणि वही

बुधवार, रात्र

आज डॉक्टरांनी औषध लिहून दिलं नाही. हातात एक कोरा तक्ता दिला. वेळ, किती प्यायलो, किती लघवी झाली, किती घाई होती, असे चार रकाने. तीन दिवस आणि तीन रात्री एकही नोंद न चुकवता भरायचा, त्यासाठी मापाचं भांडं आणायचं. इतकी वर्षं रोजनिशी लिहितोय, पण ही गोष्ट तिच्यात कधी लिहिली नव्हती.

डॉक्टरांकडे मी आपणहून गेलो नाही. महिन्यापूर्वी बायकोने विचारलं, "रात्री किती वेळा उठता, माहितीय का?" मी म्हणालो, एकदा, फार तर दोनदा. ती म्हणाली, "चारदा. तुम्ही उठलात की मलाही जाग येते." मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच दोनदाच वाटत होतं. अर्धवट झोपेत उठायचं, उभं राहायचं, धार सुरू व्हायची वाट पाहायची, परत येऊन आडवं व्हायचं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मोजणं सुटलंच होतं.

तक्ता देण्याआधी त्यांनी सात प्रश्न विचारले. लघवी झाल्यावरही मूत्राशय पूर्ण रिकामं झालं नाही असं वाटतं का? दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का? धार मध्येच थांबून पुन्हा सुरू होते का? लागली की धरवत नाही, असं होतं का? धार बारीक झालीय का? सुरू होण्यासाठी जोर करावा लागतो का? रात्री किती वेळा उठता? प्रत्येकाला ० ते ५ गुण. सातपर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, त्यापुढे तीव्र. माझे १७ भरले. शेवटी गुणांत न धरला जाणारा आठवा प्रश्न असतो: उरलेलं सगळं आयुष्य लघवीचा हा त्रास असाच राहिला, तर तुम्हाला कसं वाटेल? तिथे मी बराच वेळ गप्प बसलो.

गुरुवार, पहाट

११:४० – १६० मिली.
१:५५ – १४०.
३:१० – १३०. धार सुरू व्हायला खूप वेळ लागला. शेवटी थेंब थेंब.
५:२५ – १७०.

झोप येत नाही, म्हणून लिहीत बसलोय. चांगलं भरलेलं मूत्राशय एका वेळी ३०० ते ४०० मिली तरी धरतं. माझं त्याच्या निम्म्यावरच हाका मारतंय.

डॉक्टरांचा पहिला संशय प्रोस्टेटवर आहे. प्रोस्टेट म्हणजे पौरुषग्रंथी. तरुणपणी अक्रोडाएवढी असते. मूत्राशयाच्या बरोबर खाली, मूत्रमार्गाच्या सुरुवातीला चहूबाजूंनी वेढून बसलेली. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. वयाबरोबर तिचा आतला, मूत्रमार्गाला लागून असलेला भाग वाढतो आणि वाट आवळली जाते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांमध्ये ही वाढ दिसते, ऐंशीनंतर बहुतेकांमध्ये. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तिच्यातून कर्करोग होतो असंही नाही. ग्रंथी केवढी वाढली यावरून त्रास किती हे ठरत नाही, हे मला नवीन होतं. मोठी ग्रंथी असूनही कुणाला काही जाणवत नाही आणि थोड्याशाच वाढीने कुणी बेजार होतो.

गुरुवार, रात्र

आज दिवसभर एक गोष्ट लक्षात येत गेली. घराबाहेर पडायच्या आधी लागलेली नसतानाही जाऊन यायचं. प्रवासात कडेची जागा धरायची. लांबची बैठक असली की सकाळपासून पाणी तोडायचं. अनोळखी इमारतीत शिरलो की आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहायचं. यातली एकही गोष्ट मी ठरवून सुरू केली नव्हती. त्रास हळूहळू वाढला आणि मी हळूहळू आक्रसत गेलो. विचारलं असतं तर 'मला काही त्रास नाही' असंच सांगितलं असतं.

बाबांनीही तेच सांगितलं होतं.

ते संध्याकाळी सर्दीची गोळी घेऊन झोपले आणि मध्यरात्री लघवी तुंबली. एक थेंब बाहेर येईना. ओटीपोट ताणून दगडासारखं झालेलं, घामाने निथळत होते. माझ्यासमोर कधीही न कण्हणारा माणूस भिंत धरून कण्हत होता. रुग्णालयात नळी घातली तेव्हा लिटरभराहून जास्त लघवी निघाली. दहा मिनिटांत चेहरा निवळला, बाबा माझ्याकडे बघून हसले. संकट टळलं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी रक्ताचे अहवाल आले. लघवी कित्येक महिने पूर्ण बाहेर पडत नव्हती, मागे साचत होती, तिचा दाब वर मूत्रपिंडांपर्यंत गेला होता. ती पुढे पूर्ववत झाली नाहीत.

सर्दीच्या काही गोळ्यांमधलं औषध नाक मोकळं करतं, पण मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतं. ॲलर्जीच्या जुन्या गोळ्यांनी मूत्राशयाचा जोर कमी पडतो. ज्याची वाट आधीच अरुंद आहे त्याला एवढं पुरतं. हे तेव्हा घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाबांच्या बारीक धारेबद्दलही माहीत नव्हतं, कारण ते कधी बोलले नाहीत आणि आम्ही कधी विचारलं नाही. या न विचारण्याचा मला आजही त्रास होतो.

शनिवार

वही घेऊन गेलो. डॉक्टरांनी आधी बेरीज केली. चोवीस तासांत १६५० मिली, त्यातली रात्रीची आणि सकाळची पहिली मिळून ७२०. माझ्या वयात रात्रीचा वाटा एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल तर दोष एकट्या प्रोस्टेटला देता येत नाही. हृदयाचं दुखणं, पायांवरची सूज, झोपेत श्वास अडकणं यांनीही रात्री लघवी जास्त तयार होते. मधुमेहात तर दिवसरात्र जास्त होते. म्हणून ही कारणं तपासून बाजूला काढावी लागतात. माझ्या बाबतीत कारण वहीतच सापडलं. दिवसा बाहेर अडचण नको म्हणून मी पाणी टाळत होतो आणि घरी आल्यावर सातनंतर सगळी तहान भागवत होतो. मोजलं नसतं तर हे मला कधीच दिसलं नसतं.

बाकीचे अहवाल: ग्रंथी ४८ ग्रॅम. लघवी झाल्यानंतर मूत्राशयात ११० मिली शिल्लक. धारेचा सर्वाधिक वेग सेकंदाला ८ मिली. १५ च्या वर असता तर चिंता नव्हती. गुदद्वारातून बोटाने तपासणीही झाली. या तपासणीच्या भीतीने मी दोन वर्षं घालवली होती. ती अर्ध्या मिनिटात संपली, थोडं अवघडल्यासारखं झालं, दुखलं नाही.

रक्ताच्या तपासणीत पीएसए ५.१ आला.

चारच्या वर गेला की कर्करोगाची शंका घेतात असं कुठेतरी वाचलेलं होतं, त्यामुळे पोटात गोळा आला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हे प्रथिन प्रोस्टेटच तयार करते, ती वाढली की आकडा वाढतो, जंतुसंसर्ग झाला की वाढतो, वीर्यपतनानंतर किंवा बराच वेळ सायकल चालवल्यावरही काही काळ वाढू शकतो. एका आकड्यावरून निदान होत नाही. सहा-सात आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, तरी जास्तच आला तर एमआरआय, आणि गरज वाटली तरच तुकडा काढून तपासणी.

त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट सगळ्यांना माहीत हवी असं मला वाटतं. साधी वाढ मूत्रमार्गाला लागून होते, म्हणून ती लवकर त्रास देते. कर्करोग बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या कडेला सुरू होतो आणि वाट अडवत नाही. त्यामुळे सुरुवातीला लक्षणच नसतं. पाठीच्या कण्यात किंवा कंबरेच्या हाडांत न थांबणारं दुखणं सुरू होतं, तोवर तो बऱ्याचदा पसरलेला असतो. म्हणजे धार चांगली आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. वडील किंवा सख्खा भाऊ यांना हा आजार झाला असेल तर धोका साधारण दुप्पट, अशांनी पन्नाशीच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं. लघवीतून रक्त दिसलं तर कुठल्याही वयात थांबू नये.

आणि तरुणांसाठी: थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत ठणका, ही ग्रंथीला सूज आल्याची लक्षणं. हे तिशीतही होतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मला टॅम्सुलोसिन सुरू झालंय. ते ग्रंथी लहान करत नाही, तिथले स्नायू सैल करतं. झटकन उभं राहिलं तर चक्कर येऊ शकते, वीर्य कमी येऊ शकतं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायची झाली तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण या गोळीने बुबुळ ढिलं पडतं. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

रविवार

ग्रंथी खरोखर लहान करणारी औषधं वेगळी आहेत, त्यांना परिणाम दाखवायला सहा महिने लागतात आणि पीएसए निम्म्यावर येतो. म्हणून माझा आकडा स्पष्ट होईपर्यंत ती द्यायची नाहीत असं ठरलं. त्यांच्याविषयी वाचत बसलो. १९७४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथली काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना मुलगे होत. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं अधिक प्रभावी रूप तयार करणारं एक विकर (एन्झाइम) त्यांच्यात कमी होतं. मोठेपणीही त्यांची प्रोस्टेट लहानच राहत असे. तेच विकर रोखणारं फिनास्टेराइड १९९२ मध्ये अमेरिकेत वापरात आलं. त्या मुलांचा विचार आज दिवसभर मनात आहे.

सात आठवड्यांनंतर

पीएसए ३.४. बायकोने अहवाल दोनदा वाचला आणि न बोलता माझा हात धरला.

आता पाणी दिवसा पितो, सातनंतर अगदी थोडं. काल रात्री एकदाच उठलो, ४:५० ला, २९० मिली. मूत्राशयात उरणारी लघवी ४० मिलीवर आली आहे. औषधाने भागलं नाही तर मूत्रमार्गातून दुर्बीण घालून वाढलेला भाग काढण्याची शस्त्रक्रिया आहे, पण आत्ता तिची गरज नाही.

धाकट्या भावाला फोन केला. तो चोपन्न वर्षांचा आहे. बाबांच्या त्या रात्री तोही होता. सुरुवातीला म्हणाला, "दादा, मला तसलं काही नाही." मी वाद घातला नाही. तक्त्याचा फोटो पाठवला आणि तीन दिवस भर म्हणालो.

आज सकाळी त्याच्या वहीचं पान आलं. रात्रीच्या रकान्यात पाच नोंदी आहेत. सोमवारी मी त्याच्याबरोबर जातोय.