सरासरी २१ टक्के, तरीही पॅकेट ड्रॉप

आठ कोअरच्या (प्रोसेसरच्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आठ भागांच्या) एखाद्या राउटरमध्ये एक कोअर १०० टक्के आणि उरलेले सात प्रत्येकी १० टक्के व्यस्त असतील, तर देखरेखीच्या पडद्यावर सरासरी सुमारे २१ टक्के दिसते आणि ती पाहून कोणालाही यंत्र निवांत आहे असेच वाटेल. प्रत्यक्षात त्या एका कोअरच्या वाट्याची पॅकेट्स (माहितीचे छोटे तुकडे) रांगेत जागा न उरल्यामुळे टाकून दिली जात असतात. म्हणून नेटवर्कच्या यंत्राबाबत केवळ सरासरीवरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

आलेले पॅकेट जो कोअर मोकळा असेल त्याच्याकडे द्यावे, हा उपाय सर्वांत आधी सुचतो आणि बहुतेक वेळा तोच घातक ठरतो. टीसीपी या, माहिती क्रमाने पोहोचवणाऱ्या पद्धतीतल्या एकाच जोडणीची पॅकेट्स निरनिराळ्या कोअरवर गेली की त्यांचा क्रम बिघडतो. मग घेणारे टोक जुनीच पोच (पॅकेट मिळाल्याची खबर) पुन्हा पुन्हा पाठवू लागते आणि टीसीपीच्या मूळ पद्धतीनुसार अशा तीन पुनरावृत्त पोचा मिळाल्या, की पाठवणारे टोक पॅकेट हरवले असे समजून ते पुन्हा पाठवते व आपला वेगही कमी करते. काहीही हरवलेले नसताना जोडणी मंदावते, ती अशी. शिवाय जोडणीची माहिती एका कोअरच्या कॅशमधून (त्याच्या जवळच्या जलद मेमरीतून) दुसऱ्याच्या कॅशमध्ये न्यावी लागते, ते वेगळेच. १० गिगाबिटच्या पूर्ण भरलेल्या लिंकवर ६४ बाइटची पॅकेट्स दर ६७ नॅनोसेकंदांना एक या गतीने येतात. मुख्य मेमरीपर्यंत एकदा जाऊन यायलाही साधारण तेवढा वेळ लागतो.

त्यामुळे वाटणी एकेका पॅकेटची न करता प्रवाहाची, म्हणजे एका जोडणीच्या सर्व पॅकेट्सची मिळून, करावी लागते. आरएसएस (रिसीव्ह साइड स्केलिंग) या पद्धतीत नेटवर्क कार्ड दोन्ही आयपी पत्ते आणि दोन्ही पोर्ट (दोन्ही टोकांच्या प्रोग्रॅमचे क्रमांक) घेते, ४० बाइटच्या कळीच्या आधारे त्यांचा ३२ बिटचा हॅश (गणिताने तयार केलेली एक संख्या) काढते आणि त्याचे शेवटचे सात बिट वापरून १२८ घरांच्या तक्त्यात रांगेचा क्रमांक पाहते. प्रत्येक रांगेचा इंटरप्ट (पॅकेट आल्याचा कार्डाचा इशारा) एकेका कोअरला बांधलेला असतो. फायरवॉलमध्ये जाणारी आणि परतणारी पॅकेट्स एकाच कोअरवर यावीत म्हणून एकच दोन बाइट पुन्हा पुन्हा लिहून तयार केलेली कळ वापरतात. तिच्यामुळे पत्ते व पोर्ट उलटसुलट झाले तरी हॅश तोच येतो.

वाटणी असमान झाली तर या तक्त्यातली काही घरे दुसऱ्या रांगेकडे वळवता येतात, परंतु जुन्या रांगेत अजून पॅकेट्स शिल्लक असताना घर वळवले तर क्रम पुन्हा बिघडतो. लिनक्समधील आरएफएस (रिसीव्ह फ्लो स्टीअरिंग) ही पद्धत याची नेमकी काळजी घेते: प्रवाहाचे शेवटचे पॅकेट जुन्या कोअरच्या रांगेत कितव्या क्रमांकावर होते याची ती नोंद ठेवते आणि रांग तिथपर्यंत रिकामी झाल्यावरच प्रवाह नव्या कोअरकडे सोपवते. या विषयातली मला सर्वांत आवडलेली रचना हीच आहे, कारण तिच्यात क्रम सांभाळण्यासाठी थोडी असमानता जाणीवपूर्वक पत्करलेली आहे.

खरी अडचण येते ती आयपीसेकच्या टनेलमध्ये, म्हणजे दोन टोकांमधल्या सांकेतीकरण केलेल्या मार्गात. आत हजारो जोडण्या असल्या तरी बाहेरून ईएसपीच्या (आयपीसेकच्या सांकेतिक आवरणाच्या) पॅकेटला पोर्टच नसतात. दोन्ही टोकांचे पत्तेही कायम तेच. परिणामी कार्ड केवळ पत्त्यांवरून हॅश काढत असेल, तर संपूर्ण टनेल एका कोअरवर येऊन बसतो आणि कितीही कोअर वाढवले तरी फरक पडत नाही. एका नेटवर्कची पॅकेट्स दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून नेणाऱ्या व्हीएक्सलॅनमध्ये ही अडचण आधीच ओळखलेली होती. तिथे आतल्या हेडरचा (पॅकेटच्या सुरुवातीच्या, पत्ते असलेल्या भागाचा) हॅश बाहेरच्या यूडीपी पॅकेटच्या स्रोत पोर्टमध्ये घालण्याची शिफारस आहे, त्यामुळे आतले प्रवाह बाहेरूनही वेगळे ओळखता येतात. आयपीसेकसाठी एकाऐवजी अनेक टनेल उभारून रहदारी त्यांच्यात प्रवाहानुसार विभागणे, किंवा सांकेतीकरणाचे जड काम अनेक कोअरवर करून पॅकेट्स मूळ क्रमाने पुन्हा एकत्र आणणे, असे मार्ग आहेत. दुसरा मार्ग मला अधिक योग्य वाटतो, कारण त्यासाठी पलीकडच्या टोकाला कोणताही बदल करावा लागत नाही. मात्र क्रम जुळवण्याचे काम शेवटी एकाच ठिकाणी होत असल्याने त्यालाही मर्यादा आहे. यंत्र निवडताना म्हणूनच एकूण क्षमतेच्या आकड्यावर न थांबता, एकाच टनेलमधून आणि एकाच प्रवाहात ते किती वेग देते हे स्वतंत्रपणे मोजून घ्यावे.