गुडघा आणि भरती

आज ओपीडीत एक कबड्डीपटू आला, सोबत वडील. चढाईत पाय रोवून वळला आणि गुडघ्यात ‘कट्ट’ झालं. एमआरआय बघायच्या आधी मी गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढली. जिथे अडायला हवी तिथे ती अडलीच नाही. एसीएल, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी गुडघ्यात बांधून ठेवणारं लिगामेंट (अस्थिबंध), तुटलेलं.

वडिलांचा पहिला प्रश्न, "डॉक्टरसाहेब, नोकरीच्या भरतीचं काय?" ऑपरेशनची भीती राहिली बाजूलाच!

मांडीमागची टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) घेऊन दुर्बिणीतून नवं लिगामेंट बसवणं हा त्यातला सोपा भाग. बसवलेलं लिगामेंट पहिले काही महिने उलट कमकुवत होत जातं, आणि नेमकी तेव्हाच दुखणं थांबल्यामुळे पोरं मैदानाकडे पळतात. म्हणून किमान ९ महिने मैदान बंद. क्रिकेटपटू ऋषभ पंतचं नाव काढलं की जरा ऐकतात: गुडघ्याची लिगामेंट्स तुटली तो अपघात डिसेंबर २०२२, पुनरागमन मार्च २०२४. त्याच्या दिमतीला तज्ज्ञांची फौज होती, हे मात्र मी सांगत नाही. (सांगून उपयोग काय?)

या कबड्डीपटूच्या गावात फिजिओ नाही. एसटीने आठवड्यातून दोनदा कसं यायचं, यातच आमचं निम्मं बोलणं गेलं. शेवटी आठवड्यातून एकदा यायचं ठरलं. बाकी व्यायाम बहीण घरी करून घेणार. तिला उद्या बोलावलंय.